अठरा मिनिटांची हद्द

दुबईत कुठलं मूल कुठल्या शाळेत जाणार हे आईबाप ठरवतात, असं सगळ्यांना वाटतं. आईबापांनाही तसंच वाटतं. खरं तर ते बस ठरवते.

इथं आपल्या मुलांच्या शाळा खाजगी. कागदावर कुणीही कुठंही नाव घालावं, कुणाची ना नाही. पण सहा वर्षांचं पोर हायवे ओलांडून चालत जाणार नाही, आणि बाप पहाटे पाचलाच अबुधाबीच्या रस्त्याला लागलेला असतो. म्हणजे बस जिथवर येते तिथवरच शाळेची हद्द. आमच्या शाळेत ही हद्द अकरा वर्षं मी ठरवत होतो. मी सहावीत शाळा सोडलेला माणूस आहे. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी विचारायला नको.

त्याआधी एकवीस वर्षं याच शाळेची पिवळी बस चालवली. एकदाही गाडीला ओरखडा नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर मोठ्या गाडीचा परवाना परत मिळाला नाही, तेव्हा जॉर्जसाहेब म्हणाले, "मोरे, गाव मत जाओ. रूट तुम देखो." जॉर्जसाहेब म्हणजे आमचे ट्रान्सपोर्ट मॅनेजर, केरळचे. कम्प्युटरचा नकाशा त्यांच्याकडं आणि रस्ते माझ्या डोक्यात, अशी आमची वाटणी. कुठल्या बिल्डिंगचा वॉचमन सकाळी साखळी काढायला विसरतो, कुठल्या गल्लीत सव्वासहाला कचऱ्याची गाडी आडवी उभी राहते, कुठला यू-टर्न जवळ दिसतो पण दोन सिग्नल खातो, हे कुठल्याही पडद्यावर दिसत नाही.

लोक यायचे. कुणाला बस लॉबीच्या दारात हवी. कुणाला शेजाऱ्याच्या मुलानंतर नको, आधी हवी. एका गृहस्थांनी घर बदललं, नवीन घर माझ्या हद्दीच्या बाहेर गेलं, तर ते रोज मुलीला टॅक्सीनं जुन्या स्टॉपवर आणून उभी करायचे आणि स्वतः खांबाआड थांबायचे. तीन महिन्यांनी मला कळलं. मी स्टॉपच रद्द केला. "एकाला सोडलं की सगळे रांगेत उभे राहतात," असं मी म्हणायचो. रेघ म्हणजे रेघ. तेव्हा याचा मला फार अभिमान होता.

आता मुख्य गोष्ट. दोन वर्षांपूर्वीची.

जुनी इमारत भरून वाहत होती, म्हणून शाळेनं सिलिकॉन ओएसिसच्या बाजूला नवीन इमारत बांधली, फक्त पहिली ते चौथीसाठी. पाचवीच्या पुढची मुलं जुन्याच इमारतीत राहणार होती. ठरलं असं की इंटरनॅशनल सिटीतल्या एका भागाची लहान मुलं नव्या इमारतीत न्यायची. ज्यांनी इंटरनॅशनल सिटी पाहिलेली नाही त्यांना सांगतो, तिथं इमारतींच्या गटांना देशांची नावं आहेत. त्यामुळं आमच्या ऑफिसात "मोरोक्को आज लेट आहे", "रशियात दोघांना ताप" असं सर्रास चालतं. आमची मुलं जास्त करून या दोन गटांत. तेव्हा सवाल एवढाच होता, रशिया जाणार की मोरोक्को?

कुणालाच जायचं नव्हतं. नवीन इमारतीला रंगाचा वास, बाई अनोळखी, आणि मोठी भावंडं जुन्या इमारतीत. दोन्हीकडं व्हॉट्सअ‍ॅपचे ग्रुप निघाले. गणपतीत एका पंगतीला वाढणारी माणसं लिफ्टमध्ये एकमेकांकडं बघेनात. मोरोक्कोचे पुढारी म्हणजे विनायक पाटकर. डब्यांचा मोठा धंदा, आवाज त्याहून मोठा. ते मला सुपरमार्केटात गाठून म्हणाले, "काका, तुम्ही आपले गुहागरचे, आम्ही मालवणचे. समुद्र एकच ना? मग रशियाला पाठवा."

मी म्हटलं, "समुद्र एक असेल, पण बस रस्त्यावरून जाते."

जॉर्जसाहेबांच्या कम्प्युटरनं दोन्ही भाग सारखेच लांब दाखवले. "मोरे, अब तुम बोलो," ते म्हणाले. मी म्हटलं, साहेब, बसला पंख नाहीत, मिनिटं मोजावी लागतील. मार्च महिना होता, लहान मुलांच्या परीक्षा संपून सुट्टी लागलेली. मी एक ड्रायव्हर आणि रिकामी बस घेतली, आणि लीलाम्माला बरोबर घेतलं. लीलाम्मा बसमध्ये मुलांना सांभाळणारी आया, माझ्याबरोबर सतरा वर्षं. बरोबर साडेसहाला निघायचो, कारण शाळेच्या दिवशी बस याच वेळेला रस्त्यावर असते. प्रत्येक स्टॉपवर लीलाम्मा खाली उतरायची, दप्तर घेतल्यासारखं करायची, पुन्हा चढायची, आणि मी घड्याळात एक मिनिट धरायचो. दोन स्टॉपनंतर ती गुडघ्याला हात लावून म्हणाली, "मोरेजी, बच्चा लोग को इतना टाइम नहीं लगता. मेरेको लगता है."

असे सलग तीन दिवस. शेवटच्या स्टॉपपासून नव्या इमारतीच्या गेटपर्यंत मोरोक्कोहून पंचवीस मिनिटं, रशियाहून अठरा. रशियाच्या वाटेवरचा, ड्रॅगन मार्ट या मोठ्या बाजाराकडचा सिग्नल तिन्ही दिवस लोण्यासारखा पार झाला. लीलाम्मा म्हणाली, "इतना जल्दी?" मी म्हटलं, "रूट किसने निकाला?"

मग शाळेच्या हॉलमध्ये पालकांची मीटिंग झाली. मी उभा राहिलो आणि मिनिटं सांगितली. इंग्रजी येत नाही, हिंदीत सांगितली, पण हॉल गप्प झाला. मला तो क्षण आवडला, खोटं कशाला बोलू? कोट घातलेले इंजिनियर लोक एका ड्रायव्हरचे आकडे वहीत उतरवत होते.

मागच्या रांगेतून एक बाई उठली. अंगावर नर्सचा निळा ड्रेस, थेट ड्यूटीवरून आलेली. तिचं नाव स्मिता. रशियात राहायची. मुलगा अर्णव सहावीत, मुलगी ईरा पहिलीत. तिनं शांतपणे विचारलं, "काका, हे कधी मोजलंत?"

"ह्याच आठवड्यात. सकाळी साडेसहाला."

"पण आता रमझान आहे. ऑफिसं उशिरा उघडतात, शाळा नऊला भरतात. साडेसहाला रस्त्यावर कुणीच नसतं. आम्हाला हॉस्पिटलात सुट्टी नसते म्हणून मला माहीत आहे. माझी स्टाफ व्हॅन त्याच ड्रॅगन मार्टच्या सिग्नलवरून जाते. सध्या दहा मिनिटांत पोचते. एरवी चाळीस लागतात."

ती बरोबर होती. शंभर टक्के. मी इतक्या रमझानांत इथं गाडी चालवली, पण रमझानात आमची बसच उशिरा निघायची. साडेसहाचा रस्ता त्या महिन्यात कसा दिसतो हे मी कधी पाहिलंच नव्हतं. तीन दिवस रिकाम्या रस्त्यावरून गेलो आणि समजलो की ही माझी हुशारी. हॉलमध्ये तिचं बोलणं ऐकून मला तेव्हाच शंका आली होती, हेही कबूल करतो. पण सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हणालो, "बाई, तुम्ही इंजेक्शन द्या. रस्ते मला कळतात."

लोक हसले. पाटकर सगळ्यांत मोठ्यानं हसले.

ती बसली नाही. म्हणाली, "बरं. मग निदान माझ्या ईराला जुन्या इमारतीत ठेवा. तिचा भाऊ तिथं आहे." आणि तिनं अडचण सांगितली. ती समजायला एक नियम माहीत हवा. दुपारी लहान मूल स्टॉपवर एकटं उतरवत नाहीत. न्यायला मोठं माणूस नसेल तर आया दार उघडत नाही, मूल परत शाळेत नेते. फक्त मोठं भावंड त्याच बसमध्ये असेल आणि आईबापांचं पत्र शाळेकडं असेल, तर दोघांना एकत्र उतरवतात. अर्णव आणि ईरा तसेच उतरायचे आणि वर घरी जाऊन आईची वाट बघायचे. वडील अबुधाबीला, संध्याकाळी सातला येणार. आई ड्यूटी संपवून चारला. आता ईराची बस वेगळी झाली तर अडीच वाजता स्टॉपवर उभं कोण राहणार?

"नोकरी सोडावी लागेल मला," ती म्हणाली. "दुसरा उपाय नाही."

मी म्हटलं, "एकाला सोडलं की सगळे रांगेत उभे राहतात."

रशियाची रेघ पडली. पत्रं गेली. ईद झाली, एप्रिलमध्ये शाळेचं नवीन वर्ष सुरू झालं.

पहिल्या दिवशी रशियाची बस सहा पंचावन्नला निघाली. सात चाळीसला शाळेची घंटा. अठरा मिनिटांच्या हिशेबानं मी भरपूर वेळ हाताशी ठेवला होता. बस पोचली आठला दोन कमी असताना. मी म्हटलं, पहिला दिवस आहे. दुसऱ्या दिवशी पंधरा मिनिटं आधी काढली. तरी उशीर. तिसऱ्या दिवशी मी स्वतः चढलो.

सिग्नलला आमच्या पुढं इतक्या गाड्या की दिवा दिसेना. तो हिरवा व्हायचा, चार गाड्या सुटायच्या, पुन्हा लाल. एसी चालू असून पोरं कोमेजली. पुढच्या सीटवर ईरा बसली होती, दोन वेण्या, मांडीवर पाण्याची बाटली. अर्ध्या तासानं ती काही न बोलता ओकली. लीलाम्मानं तिचं तोंड पुसलं, फ्रॉक पुसला, आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, "मोरेजी, ये रस्ता रमझान में नापा था ना हमने?"

सिग्नल सुटायला अजून वेळ होता. मला उतरून जायलाही जागा नव्हती.

दुपारी मी रशियाच्या स्टॉपवर जाऊन उभा राहिलो. स्मिता आधीच आली होती, त्याच निळ्या ड्रेसमध्ये. बस आली, तिनं ईराला घेतलं. दप्तराबरोबर ओला फ्रॉक एका पिशवीत होता.

मी विचारलं, "बाई, आज ड्यूटी नाही?"

"रोज अर्ध्या दिवसाची रजा घेते. महिनाअखेरपर्यंत चालवून घेतायत. राजीनामा दिलाय मी."

"तुमची ती व्हॅन... खरंच चाळीस मिनिटं लागतात?"

तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली. "आता विचारताय?"

मी सरळ शाळेत गेलो.

जॉर्जसाहेबांनी सगळं ऐकलं आणि सुटकेचा रस्ताही लगेच काढून दिला. चांगला माणूस, मला वाचवायलाच बघत होता. "सिंपल है. पिकअप सव्वाछे कर दो. लेटर में लिखेंगे, ट्रॅफिक बढ़ गया. खलास."

खरंच सोपं होतं. कुणी काही म्हटलं नसतं. दुबईत ट्रॅफिकवर काहीही ढकललं तरी लोक मान हलवतात. फक्त पहिलीतली मुलं वर्षभर सकाळी एक तास आणि दुपारी एक तास त्या सिग्नलवर बसली असती, आणि ती बाई घरी बसली असती. जन्मभर मी एकच गोष्ट मिरवली होती की मोऱ्यांचा रूट चुकत नाही. आता एकतर ते जपायचं, नाहीतर ही पोरं.

मी म्हटलं, "साहब, ट्रॅफिक नहीं बढ़ा. मैंने रमझान में नापा."

त्यांनी चष्मा काढला. "मोरे. बत्तीस साल दुबई में. और रमझान में नापा?"

"हां."

"और मैंने साइन किया." त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "यल्ला, चलो. मीटिंग बुलाओ."

त्या शनिवारी तोच हॉल, तीच माणसं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, चूक माझी. शाळेची नाही, ट्रॅफिकची नाही. स्मिताबाईंनी मला याच हॉलमध्ये सांगितलं होतं, मी त्यांना हसलो. माझं मत असं आहे की रशिया परत जुन्या इमारतीत गेला पाहिजे, आणि मोरोक्को नव्या इमारतीत.

एकच गलका झाला. पाटकर खुर्चीवरून उठले. "काका, तुमची मिनिटं काय रबराची आहेत? तेव्हा अठरा, आता साठ! दोन आठवड्यांनी मोरोक्कोची पण ताणाल! माझा मुलगा तिसरीत बसलाय, त्याला बाई आवडल्यात, आता त्याला उठवू?"

त्यांचा राग बरोबर होता. माझ्या हट्टामुळं मोरोक्कोच्या मुलांना वर्ष सुरू झाल्यावर वर्ग बदलावा लागणार होता. हे आधी झालं असतं तर कुणाला जाणवलंही नसतं. हा सल मला आजही आहे.

मी म्हटलं, "पाटकर, माझ्यावर विश्वास ठेवू नका. तुमचं घड्याळ घेऊन या."

सोमवारी ते आले. रशियाच्या बसमध्ये, पहिलीतल्या मुलांच्या सीटवर गुडघे हनुवटीशी घेऊन बसले. मांडीवर डब्यांच्या ऑर्डरींची वही, हातात फोनचं घड्याळ. सिग्नल येईपर्यंत फोनवर कुणाला तरी भाजी कमी तिखट करायला सांगत होते. सिग्नल आला आणि बोलणं बंद झालं. पोरं त्यांना विचारत होती, "अंकल, व्हाय आर यू इन अवर बस?" गेटशी उतरले तेव्हा बासष्ट मिनिटं झाली होती. मंगळवारी मोरोक्कोहून तीच बस काढली. तिकडून बाहेर पडायचा रस्ता ऑफिसच्या गर्दीच्या उलट्या दिशेला जातो. हे मला वीस वर्षं माहीत होतं, पण रिकाम्या रस्त्यावर दिशेला काही किंमत नसते. एकतीस मिनिटं.

पाटकरांनी फोन खिशात घातला. "खलास," ते म्हणाले. "जातील आमची पोरं. पण काका, एक अट. आमच्यातही तीन घरं अशी आहेत, दोघंही नोकरीला, मोठं भावंड जुन्या इमारतीत. त्यांच्या मुलांना जुन्या इमारतीतच ठेवायचं. त्या नर्सबाईंसारखं त्यांचं करू नका."

माझ्या जिभेवर जुनं वाक्य आलं होतं. ते गिळलं. जॉर्जसाहेबांना जाऊन सांगितलं, आणि शाळेच्या ट्रान्सपोर्टच्या कागदात एक ओळ वाढली: दोघं पालक नोकरीला असतील तर भावंडांना एकाच बसमध्ये ठेवावं. तीन घरं आली. रांग लागली नाही. अकरा वर्षं मी ज्या रांगेला भ्यायलो, ती तीन घरांची होती.

त्यानंतर मी निवृत्त होईपर्यंत आमच्याकडं एक पद्धत पडली. रेघ बदलायची असेल तर ज्यांची मुलं जाणार त्यांच्यातला एक पालक बसमध्ये, त्याचं घड्याळ त्याच्याकडं, आणि दिवस साधा शाळेचा. नवीन सुपरवायझर तरुण आहे, ग्रॅज्युएट आहे, तोही तसंच करतो. मोरोक्कोच्या मुलांना नव्या इमारतीत मोठं मैदान मिळालं. पाटकर आता सांगतात की ती इमारत त्यांनीच मागून घेतली.

राहिलं स्मिताबाईंचं. हॉस्पिटलला अजून दुसरी नर्स मिळाली नव्हती, म्हणून राजीनामा परत घेता आला. दोन आठवडे आणखी गेले असते तर काय झालं असतं, हा विचार मी फार करत नाही. त्यांनी माझे आभार मानले नाहीत, आणि मानण्यासारखं मी काही केलंही नव्हतं.

ईरा परत जुन्या बसला आली त्या सकाळी मी मुद्दाम रशियाच्या स्टॉपवर गेलो. सहा पंचवीस. अर्णवनं बहिणीचा हात धरला होता, आई व्हॅनच्या दिशेनं निघायच्या घाईत. बाईंशी काय बोलायचं ते मी घरून ठरवून आलो होतो, पण तोंडातून नुसतं निघालं, "बाई, चुकलो."

"दोघांना नीट बसवा," त्या म्हणाल्या. "मला उशीर होतोय." आणि गेल्या. चालताना हात मात्र वर केला.

ईरा बसच्या पहिल्या पायरीवर थांबून माझ्याकडं बघत होती. "आजोबा, आर यू द वन हू चेंज्ड माय स्कूल?"

"होय बाळा. मीच तो."

तिनं थोडा विचार केला. "ओके. नेक्स्ट टाइम आस्क माय मम्मा फर्स्ट."

इंग्रजी मला येत नाही, पण एवढं कळलं. मी म्हटलं, "विचारीन."

लीलाम्मानं दार ओढून घेतलं आणि बस निघाली.